देवाकडे पाठ न करणाऱ्या पेट्या

बाबांचा आवाज गेला तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. गेला म्हणजे अगदी गेला नाही. गोव्यातल्या इस्पितळात गळ्याचं ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आईने देवाला नारळ दिला. पण पट्टी सुटल्यावर जो आवाज बाहेर आला तो बाबांचा नव्हता. सुकलेल्या झावळीवरून कोणी हात फिरवावा तसा तो होता. समोर बसलेल्याला ऐकू येई, ओटीवरून समोरच्या अंगणात, खळ्यात मात्र पोचत नसे.

दुसऱ्या कोणाचा आवाज असा झाला असता तर निभावलं असतं. बाबा गावाचं गाऱ्हाणं घालत.

आमच्या भागातले जे नाहीत त्यांच्यासाठी हे सांगायला हवं. ग्रामदेवाच्या जत्रेला, पालखी बाहेर पडण्याआधी, एक माणूस गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी देवाकडे तोंड करून उभा राहतो आणि सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलतो. पाऊस, भात, काजूचा मोहोर, मुंबईला गेलेली मुलं, रुसलेले भाऊ, सगळं त्यात येतं. एकेक मागणं संपलं की मागे उभा असलेला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. ते 'व्हय' पडलं की मागणं गावाचं होतं. नाही पडलं तर एक माणूस एकटाच बोलला, एवढंच.

हा मान आमच्या घराण्यात होता. आजोबांनंतर तो बाबांकडे आला. त्याला अट एकच, आणि ती कुठे लिहिलेली नव्हती, पण लहान मुलांनाही ठाऊक होती: देवळापुढच्या दीपमाळेशी उभ्या असलेल्या माणसाला गाऱ्हाणं ऐकू गेलं पाहिजे. ज्याचं जात नाही त्याने मान पुढच्याच्या हाती द्यायचा. पुढचे म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, खालच्या वाडीतले माझे काका. काकांचा आवाज असा की ते शेतात बैलाला हाक देत तेव्हा आमच्या घरातलं मांजर उठून बसे.

काकांनी स्वतःहून कधी विषय काढला नाही. लोक काढत. भात कापायला आलेली माणसं बांधावर बसून म्हणत, "यंदा गाऱ्हाणा खालच्या वाडयेत जातला." बाबा ऐकत आणि विळा चालवत राहत. संध्याकाळी ते काजूच्या बागेत जात. एकदा मी त्यांना बोलवायला गेलो तर ते एका झाडाकडे तोंड करून उभे होते आणि ओरडण्याचा प्रयत्न करत होते. आवाज चिरत होता, मग खोकला येत होता. मला पाहून ते लाजले. म्हणाले, "मान जाता म्हणान नाय रे. इस्पितळात पडलेलो तेव्हा देवाक मनात सांगलेलंय, बरो झालंय तर जत्रेक तुझ्या उंबऱ्यार येऊन सगळा सांगतलंय. ता सांगूचा रवला हा."

मी विज्ञान शाखेला होतो. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे जगातल्या सगळ्या अडचणींची उत्तरं माझ्याजवळ असतील असं घरच्यांना वाटे. मला फक्त तोंडवलीची आते आठवली.

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे आतोबांचा, लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. लग्न, सत्यनारायण, निवडणुकीची सभा, जिथे आवाज मोठा व्हायला हवा तिथे आतोबा मशीन, माईक आणि कर्णे घेऊन जात. मग त्यांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं. धंदा बंद पडायचा, पण आतेने तो उचलला. आतोबा घरी बसून बोटांनी वायरी जोडत, आते त्या घेऊन बाहेर जाई. त्यांना तांबडी वायर कोणती आणि काळी कोणती ते दिसत नसे, म्हणून आते प्रत्येक तांबड्या वायरीच्या टोकाशी एक गाठ मारी. त्या घरातल्या सगळ्या वायरींना गाठी होत्या. आते एस.टी.त कर्णा मांडीवर घेऊन बसे, तेव्हा कंडक्टर विचारी, "ह्या बाळाचा अर्धा तिकीट फाडू काय?" आणि आते म्हणे, "फाड. पण मगे तो रडलो तर तू गप करूचो."

बाईमाणूस शिडी लावून माडावर कर्णा बांधते याचं लोकांना पहिल्यांदा हसू आलं होतं. नंतर लोक तारीख ठरवायच्या आधी तिला मोकळी आहेस का विचारू लागले.

मी तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती माशांच्या कालवणाला वाटप वाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "आवाज गेलो खंय? बारीक झालो. बारीक आवाज मोठो करणा हो माझो धंदोच आसा."

"पण आते, देवळात कधी स्पीकरची पेटी लावलेली नाही."

"मगे लावया."

इतकं सोपं ते नव्हतं. दशावताराला कर्णे येत, पण ते बाहेर पिंपळाला बांधत. सभामंडपाच्या आत, देवळाच्या भिंतीत खिळा ठोकायचा म्हणजे देवाला विचारायला हवं. गावातली मानकरी मंडळी जमली, गुरवाने देवाच्या अंगाला कळ्या लावल्या आणि आम्ही सगळे खाली बसून वर बघत राहिलो. उजव्या बाजूची कळी आधी पडली तर होकार. मी परीक्षेच्या निकालाला इतका घाबरलो नव्हतो. उजवी पडली.

तेव्हा काका उभे राहिले. मला वाटलं, आता हे मोडता घालणार. ते म्हणाले, "देवान व्हय म्हटला, माझा काय म्हणणा नाय. एकच सांगतंय. पेटयेची पाठ देवाकडे नको. माणूस देवाकडे पाठ करना नाय, मगे पेटयेन कित्याक करूची?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही देवळातून बाहेर पडतानासुद्धा दोन पावलं मागे मागे येतो आणि मग वळतो. काकांचं म्हणणं मलाही पटलं. आतेलाही पटलं. म्हणून ठरलं की दोन्ही पेट्या प्रवेशाकडच्या भिंतीवर, दाराच्या दोन बाजूंना लावायच्या, आणि त्यांची तोंडं गाभाऱ्याकडे ठेवायची. भिंतीपलीकडच्या अंगणासाठी एक कर्णा बाहेर पिंपळाला बांधायचा. तो देवळाबाहेर, त्याच्यावर कोणाची हरकत नव्हती. पण कर्ण्याची वायर पेटीतूनच पुढे नेलेली, म्हणजे पेटी नाही तर कर्णाही नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी आते आली. दोन लांबट लाकडी पेट्या गोणपाटात गुंडाळलेल्या, मशीन ट्रंकेत, आणि वायरीचं वेटोळं खांद्यावर. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. देवळात शिरल्यावर तिने आधी देवाला हात जोडले आणि मग भिंतीला कान लावून बोटाच्या पेरांनी ती ठोकत चालली. आमच्याकडची भिंत जांभ्या दगडाची, वरून चुन्याची. दगड सच्छिद्र असतो. एके ठिकाणी लोखंडासारखा आणि वीतभर बाजूला भाकरीसारखा. ठोकून बघायचं आणि जिथे आवाज भरीव येईल तिथेच भोक पाडायचं. मी ठोकून पाहिलं तेव्हा मला सगळे आवाज सारखेच वाटले. तिने माझा हात धरून दोन ठिकाणी ठोकायला लावलं. दुसऱ्यांदा थोडा फरक कळला. कळल्याचं मला खरंच वाटलं की तिला बरं वाटावं म्हणून मी मान हलवली, आज सांगता येणार नाही.

छिन्नीने भोक पाडायचं काम काकांनी घेतलं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते फणसाच्या लाकडाच्या खुंट्या घरून तासून घेऊनच आले होते, एका टोकाला निमुळत्या. भोकात खुंटी ठोकली की ती दगडात घट्ट बसते, मग तिच्यात स्क्रू पिळायचा आणि त्यावर लोखंडी पट्टी. आते शिडीवर, मी खाली पेटी उचलून धरलेली, काका बाजूला उभे राहून सूचना देत.

"बाय, डावी वायच खाली गेली."

"तुझी मान वाकडी आसा. पेटी सरळ आसा."

"माझी मान लहानपणापासून सरळ आसा."

"लहानपणी तुका मीच कडेर घेई. माका म्हायत आसा."

बाबा मंडपाच्या कडेला बसून हे ऐकत होते आणि हसत होते. त्यांच्या हसण्याचाही आवाज येत नव्हता, फक्त खांदे हलत.

वायर ओढायचं काम माझं होतं. लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकत मी ती तुळईच्या बाजूने नेली. जोडण्याआधी आते वायरीची टोकं आमसुलाने घासून मग रॉकेलच्या फडक्याने पुसत होती. खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर हिरवं चढतं आणि आवाज खरखरतो, म्हणाली. मग गाठीची वायर पेटीच्या ज्या खिळ्याला जोडायची तो ओळखण्यासाठी तिने टॉर्चचा सेल लावून दाखवला. आतला कागदी पडदा टक् करून पुढे आला. उलटा लावला तर आत गेला. दोन्ही पेट्यांचे पडदे एकदमच पुढे यायला हवेत. हे मी पुस्तकात वाचलं होतं, आकृतीसकट. पण आकृतीतला पडदा कधी हलला नव्हता. मी तिला परत एकदा करून दाखवायला सांगितलं आणि तिने कुरकुर न करता दाखवलं.

दुपारी जेवून आल्यावर मशीन चालू केलं. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी माईकचा दांडा उभा केला. आते देवाकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "देवा, ऐकतंस मा?" दोन्ही पेट्यांतून तिचा आवाज असा दणदणीत आला की पाकोळ्या उडाल्या. बाहेरून काका ओरडले, "बस कर गो, देव भैरो नाय!" सगळे हसले. काम झालं असं सगळ्यांनी धरलं. कोणी कोणी घरी जायला उठलेसुद्धा.

मग बाबा माईकपुढे उभे राहिले.

त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं आणि पेटीतून काहीच आलं नाही. आतेने मशीनचं बटण थोडं फिरवलं. बाबा पुन्हा बोलले. अजून थोडं. आणि मग पेट्या केकाटल्या. तुम्ही ते ऐकलं असेल, एक लांब, चढत जाणारी किंकाळी. देवळाच्या दगडी भिंतींत ती इतकी मोठी झाली की गुरवाने कानांवर हात ठेवले. आतेने बटण मागे घेतलं. पुन्हा पुढे केलं, पुन्हा किंकाळी.

कारण कळायला आम्हाला वेळ लागला नाही. आतेने आयुष्यभर ज्यांना माईक दिला ते सगळे लोकांकडे तोंड करून बोलणारे होते. त्यांच्यापुढचा माईक त्यांच्याकडे बघतो आणि कर्णे माईकच्या पाठीमागे राहतात. गाऱ्हाणं घालणारा देवाकडे बघतो, लोकांना पाठ करून. त्यामुळे त्याच्यापुढचा माईक बघतो थेट सभामंडपाकडे, प्रवेशाच्या भिंतीकडे, आणि तिथे आम्ही दोन पेट्या माईकच्या तोंडासमोर तोंड करून टांगल्या होत्या. माईक पेटीला सांगत होता, पेटी तेच माईकला परत ऐकवत होती. आतेचा आवाज मोठा, बटण कमी, म्हणून तेव्हा निभावलं. बाबांच्या कुजबुजीसाठी बटण वर नेलं की दोघं एकमेकांशी भांडत. घरात सगळेच मोठ्या आवाजाचे, बारीक आवाजाने आधी तपासून बघावं हे कोणाला सुचलंच नाही. मलाही नाही.

देवळाच्या ओटीवरून एक म्हातारा मानकरी म्हणाला, "देवाक मान्य नाय. उगाच नाय रडली पेटी."

मला राग आला, पण बोलले ते काका. "देवाच्या नावार घालू नको. पेटयेचा तोंड खंय करूचा ता मीया सांगलंय. चूक झाली ती माझी, देवाची नाय."

हे त्यांनी मंडपाच्या मधोमध उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ज्या माणसाकडे उद्या मान येणार होता तो माणूस. मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो ते तेव्हापासून.

बाबा बाहेर जाऊन दीपमाळेच्या कट्ट्यावर बसले होते. काका त्यांच्याजवळ गेले, मी मागून गेलो. बाबा म्हणाले, "उद्या तूच घाल. माका वायट वाटूचा नाय."

काका म्हणाले, "तुका वाटूचा नाय. माका वाटतला." आणि ते तिथेच उभे राहिले, काय करावं न कळून कट्ट्यावरचं शेवाळ नखाने खरवडत.

मी आत आलो. आते मंडपाच्या मधोमध फरशीवर पाय पसरून बसली होती. पेट्यांकडे बघत नव्हती. भिंतींकडे बघत होती. मी तिच्याजवळ बसलो. पेट्या गाभाऱ्याच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून टांगायच्या तर त्यांची पाठ देवाकडे येणार, आणि तसं करायचं नाही हे गावासमोर ठरलेलं. हे मी तिला सांगू लागलो तर तिने हाताने गप्प केलं.

"माका सांग," ती म्हणाली, "गाऱ्हाण्याच्या वेळार मानकरी खंय उभे रवतत?"

मी डोळ्यांसमोर आणून बघितलं. लहानपणापासून दरवर्षी पाहिलेलं होतं. गाऱ्हाण्याच्या वेळी मधली जागा मोकळी ठेवतात, देवाची नजर अडू नये म्हणून. ढोलवाले, देवांच्या सजवलेल्या तरंगकाठ्या धरणारे, मानकरी दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकून उभे असतात, समोरासमोर. देव त्यांच्या बाजूला. पाठ भिंतीला.

"बाजूक," मी म्हटलं.

"मगे पेट्यो पण बाजूक. मानकऱ्यांसारख्यो. कोणाची पाठ देवाकडे नाय, कोणाचा तोंड माईककडे नाय." ती उठली. "शिडी हाड." मी शिडी आणायला धावलो.

मला जे वाटलं ते मी नीट सांगू शकेन की नाही ठाऊक नाही. तिने भिंतीत कुठे भोक पाडायचं ते शोधलं असं नव्हे. तिने त्या देवळात माणसं कशी उभी राहतात ते आठवलं आणि यंत्राला त्यांच्यात जागा करून दिली. पुढे कॉलेजात मला अनेक हुशार माणसं भेटली, त्यांच्याकडून खूप शिकलो. पण एखादी अडचण सुटताना बघून अंगावर काटा आला तो त्या दुपारीच.

गुरव म्हणाला, "कौल पुन्हा घेवक लागतलो काय?"

बाहेरून आलेले काका म्हणाले, "कौल भिंतीचो घेतलो. खयची भिंत ता देवान इचारूक नाय." आणि छिन्नी उचलली.

पुन्हा भिंती ठोकल्या, पुन्हा भोकं पाडली. खुंट्या दोन कमी पडल्या, तेव्हा काकांनी जुन्या भोकांतल्या उपसून काढल्या आणि ती भोकं चुन्याने बुजवली. बाबाही आत आले आणि शिडी धरून उभे राहिले. मी वायर नव्याने ओढली. जोडताना आतेने माझ्याकडून गाठी दोनदा चाचपून घेतल्या.

काका खालून म्हणाले, "दोघांची तोंडा समोरासमोर. भांडतली नाय?"

"एकान ढकलूक लागलो आणि दुसरो ओढूक, तर मधल्या माणसाक काय आयकाक येना नाय," आते म्हणाली. "हेंच्यो गाठी एका बाजूक आसत. हे दोघय एकदम ढकलतले."

बाबांनी काकांकडे बघितलं आणि काकांनी शिडीच्या पायाकडे.

ऊन कलतीला लागलं तेव्हा मशीन चालू झालं. काका कोणी न सांगताच दीपमाळेशी जाऊन उभे राहिले. बाबा बोलले, आतेने बटण फिरवलं. किंकाळी आली नाही. आवाज आला, पण तो चिरत होता. बाबा जुन्या सवयीने जोर लावत होते. काका परत आले आणि बाबांना तोंडावर म्हणाले, "आवाज येता. शब्द कळनत नाय." खोटं बोलून धीर देता आला असता. खरं सांगून मान घेताही आला असता. त्यांनी नुसतं खरं सांगितलं आणि आतेकडे बघत राहिले, आता तू काहीतरी कर म्हणून.

आते माईक दांड्यावरून काढून घेऊन बाबांजवळ गेली. त्यांच्या हातात तो दिला, त्यांचा हात धरून माईक ओठांना लागेल इतका जवळ नेला. म्हणाली, "तू लोकांका सांगतंस. म्हणान घसो फाटता. लोकांचा मी बघतंय. तू देवाच्या कानात सांग."

बाबा काही बोलणार इतक्यात गुरवाने घंटा वाजवली. सांजेच्या पूजेची वेळ झाली होती. मशीन बंद करावं लागलं. नव्या तऱ्हेने बोलून बघणं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी जत्रा. गाऱ्हाणं दिवेलागणीला असतं. मुंबईहून माणसं आली होती, तळेऱ्याच्या फाट्यापासून एस.टी. भरून येत होत्या. अंगण खाज्याच्या आणि बांगड्यांच्या दुकानांनी, पिपाण्या वाजवणाऱ्या मुलांनी गजबजलेलं. आदल्या दिवशीच्या रिकाम्या देवळाशी या गर्दीचं काही नातं नव्हतं. मी एका खांबाला टेकून उभा राहिलो आणि काका दिसतात का ते बघितलं. मानकऱ्यांच्या रांगेत, भिंतीला टेकून, उंबऱ्याच्या सगळ्यात जवळ त्यांची जागा असते. जागा रिकामी होती. बाबांनाही ती रिकामी दिसली असावी. त्यांनी एकदा तिकडे बघितलं.

आते मंडपाच्या कोपऱ्यात मशीनपाशी बसली होती, हात बटणावर, मान खाली. तिच्या डोक्यावर पुरुषभर उंचीवर पहिली पेटी होती.

ढोल थांबले. बाबांनी माईक ओठांशी नेला. त्यांनी डोळे मिटले, थोडे पुढे वाकले, आणि बोलू लागले. जसं एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलतात तसं. "बा देवा म्हाराजा, तुझो लेकरू तुझ्या उंबऱ्यार इलो हा. सांगतलंय म्हणान इस्पितळातसून सांगलेलंय. ता सांगूक इलो हा..."

तो आवाज दोन्ही भिंतींतून आला. मोठा झालेला नव्हता. जवळ आलेला होता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीने चमकून मागे बघितलं, तिच्या कानाशी कोण बोललं म्हणून. इतकी वर्षं बाबांचं गाऱ्हाणं मी ऐकलं होतं, ते सगळं दणदणीत, गावाला ऐकवलेलं. असं कधीच ऐकलं नव्हतं.

पहिलं मागणं संपलं. बाबा थांबले. आणि कोणी काही म्हटलं नाही.

मला वाटतं, लोक ऐकतच राहिले होते. हे आपल्याला उद्देशून नाही, मधे बोलावं की नाही, असं त्यांना वाटलं असेल. पण तेव्हा मला ते कळलं नाही. मला फक्त ती शांतता कळली. बाबांची पाठ मला दिसत होती आणि ती ताठ होत चालली होती. आतेचा हात बटणावर होता, पण ती ते फिरवत नव्हती.

मग बाहेरून, अंगणाच्या अगदी टोकाकडून, दुकानांच्या आणि पिपाण्यांच्या वरून आवाज आला, बैलाला हाक मारतात तसा:

"व्हय म्हाराजा!"

आणि त्याच्यामागे सगळा गाव. अंगण आधी, मग ओटी, मग मंडप, उलट्या दिशेने आत येत गेलेला तो होकार माझ्या अंगावरून गाभाऱ्यापर्यंत गेला. बाबांचे खांदे खाली आले. त्यांनी दुसरं मागणं सुरू केलं.

पुढचं सगळं मला नीट आठवत नाही. प्रत्येक मागण्यानंतर पहिलं 'व्हय' बाहेरून पडत होतं आणि गाव त्याच्या मागून जात होता. रुसलेल्या भावांचं मागणं आलं तेव्हा ते 'व्हय' जरा उशिरा आलं आणि थोडं घोगरं होतं, एवढं मात्र लक्षात राहिलं.

पालखी बाहेर गेल्यावर मंडप मोकळा झाला. मी आतेकडे गेलो. मशीनच्या घुमण्यात तिला बाहेरचं काही नीट कळलं नव्हतं. तिने वर न बघता विचारलं, "पयलो व्हय खंयसून इलो रे?"

"दीपमाळेकडसून," मी म्हटलं. "काका थंय उभे आसत."

तिने बटण खाली घेतलं. पदराने तोंड पुसलं.

"मगे पोचलो," ती म्हणाली.

काका आत आले ते कपाळावर गुलाल आणि घामाने भिजलेला सदरा घेऊन. भिंतीवरच्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "बाय, तुझ्या ह्या मानकऱ्यांनी माझो मान खाल्लो गो."

"तुझो घसो सांभाळून ठेव," आते म्हणाली. "फुडल्या वर्षी पण दीपमाळेकडे माणूस लागतलो."

बाबा उंबऱ्याशी अजून तसेच उभे होते, माईक हातात धरून. आते उठली, त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या बोटांतून तो हळूच सोडवून घेतला.